गच्चीचे डांबर: हिशेब आधी, भट्टी नंतर

मे महिना सरत आला, की भिलाईतल्या गच्च्यांवर भट्ट्या पेटतात. जूनच्या मध्यावर पाऊस येतो, त्याआधी छत झाकायचे म्हणून सगळ्यांचीच घाई. ‘दोन ड्रम आणा, काम होऊन जाईल,’ असे ठेकेदार सांगतो आणि घरमालक मान डोलावतो. पहिल्या झडीतच छताला ओल दिसली, की पैसे तर पाण्यात जातातच, पण खरे नुकसान पुढे असते. स्लॅबमधल्या सळया गंजून फुगतात आणि एक दिवस प्लास्टरचा पोपडा खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो. हे टाळायचे तर कोणते डांबर आणि किती, एवढे तरी घरमालकाला ठाऊक हवे.

नाव एक, पदार्थ दोन

मराठीत दोन निरनिराळ्या पदार्थांना डांबर म्हणतात. एक दगडी कोळशातून निघते. भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. अशा भट्टीला कोक लागतो. कोळसा हवेशिवाय तापवून कोक करताना जे काळे, उग्र वासाचे द्रव्य मिळते, ते कोळशाचे डांबर. कपाटातल्या डांबरगोळ्यांचे नॅफ्थलीन त्यातलेच. दुसरे डांबर खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरते. त्याला बिटुमेन म्हणतात. गच्चीसाठी हवे ते हे दुसरे. कोळशाच्या डांबराची वाफ कर्करोगाला कारण ठरते, शिवाय दोन्ही डांबरांचे थर एकमेकांवर नीट टिकत नाहीत.

बिटुमेनमध्येही प्रकार आहेत. रस्त्याच्या कामातून उरलेले डांबर स्वस्तात मिळते, पण ते ४० ते ५० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. भिलाईच्या उन्हाळ्यात हवाच ४५ अंशांपर्यंत तापते आणि काळी गच्ची तिच्याहून पुष्कळ अधिक. साहजिकच ते डांबर उताराकडे ओघळते आणि वरची बाजू उघडी पडते. छतासाठी गरम हवा फुंकून घट्ट केलेले ‘ब्लोन बिटुमेन’ घ्यावे. त्याच्या ड्रमवर ८५/२५ असे आकडे असतात. पहिला आकडा ते किती अंशांना मऊ होते हे सांगतो, दुसरा त्याचा घट्टपणा. खरेदीच्या वेळी हा आकडा स्वतः वाचावा.

हिशेब असा करावा

सरकारी बांधकामांत चार पदरी काम रूढ आहे: गरम डांबराचा थर, त्यावर डांबरी कापड म्हणजे टारफेल्ट, पुन्हा डांबराचा थर आणि शेवटी बारीक खडी. डांबराच्या प्रत्येक थराला चौरस मीटरमागे १.४५ किलो धरतात. घरगुती भाषेत, दोन्ही थरांचे मिळून दर १०० चौरस फुटांना २७ किलो.

समजा, गच्ची ३० फूट लांब व २० फूट रुंद आहे. क्षेत्रफळ ६०० चौरस फूट. पण डांबर कठड्यावरही सहा इंच चढवावे लागते. चारी बाजूंची लांबी १०० फूट, म्हणजे आणखी ५० चौरस फूट. एकूण ६५०. नेमका हाच कठड्याचा हिशेब बहुतेकदा विसरला जातो आणि गळतीही तिथूनच सुरू होते.

६५० चौरस फुटांना डांबर सुमारे १७५ किलो लागेल. थोडी नासाडी धरून १८५ किलो. एक मीटर रुंद व दहा मीटर लांब कापडाचा गुंडाळा, कडेला तीन इंच आणि टोकाला चार इंच एकावर एक चढवला, की जेमतेम ९८ चौरस फूट झाकतो. म्हणजे सात गुंडाळे. सपाट भागावर खडी १०० चौरस फुटांना दोन घनफूट, म्हणजे बारा घनफूट. सर्वांत आधी लावायचा पातळ प्रायमर सुमारे १५ लिटर. ड्रमची संख्या नव्हे, त्यावरचे निव्वळ वजन मोजावे.

जाड थर म्हणजे पक्के काम नव्हे

पैसे मोजलेत तर थर जाड हवा, असे पुष्कळांना वाटते. जाड थर उन्हात सरकतो आणि थंडीत तडकतो. पाणी अडवायला सलग पातळ थर पुरतो, मात्र खालची गच्ची कोरडी, स्वच्छ आणि उताराची हवी. दर दहा फुटांना निदान एक इंच उतार पन्हाळीकडे असावा. भेगा सिमेंटने भराव्यात. गच्ची आणि कठड्याचा कोपरा सिमेंटने गोलसर करावा, म्हणजे कापड दुमडून फाटणार नाही. ओलीची शंका असल्यास रात्री प्लास्टिकचा तुकडा चारी कडा चिकटवून ठेवावा. सकाळी आतून दव दिसले, तर काम पुढे ढकलावे. कोंडलेले पाणी उन्हात वाफ होऊन कापडाला फुगे आणते.

भट्टीजवळ सावधान

डांबर जवळपास २०० अंशांपर्यंत तापवतात. त्यात पाणी पडले, की ते एकदम फेसाळून उसळते. मुलांना त्या दिवशी गच्चीवर येऊ देऊ नये. कामगारांना बूट, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आहेत का, हे घरमालकानेही पाहावे. गरम डांबर अंगावर पडल्यास त्या जागेवर लगेच थंड पाणी ओतत राहावे. चिकटलेले डांबर ओढून काढू नये, त्याबरोबर कातडीही निघते. तसेच रुग्णालय गाठावे.

हे सारे पावसाच्या तोंडावर साधत नाही. गच्ची मार्चमध्ये मोजावी, एप्रिलमध्ये डागडुजी करावी आणि मेच्या कोरड्या दिवसांत डांबर घालावे. ठेकेदार आला, की त्याच्याआधी घरच्या बाईच्या हातात मोजपट्टी आणि कागदावर आकडे असले, तर ‘दोन ड्रम’चे उत्तर आपोआप मिळते.