घरात कुणी भयकादंबरी वाचत असेल तर

मुलगा रात्री जागून नारायण धारपांची भयकादंबरी वाचतो आहे असं दिसलं, तर पुस्तक हिसकावून घेऊ नका. "असलं काय वाचतोस?" म्हणून ओरडूही नका. त्यानं वाचन थांबत नाही, ते चोरून होतं. आणि पांघरुणात चोरून वाचलेली भयकथा जास्त छळते, कारण मग घाबरलो हे सांगायचीही चोरी.

ही पुस्तकं घाबरवतात कशी, ते आधी समजून घ्या. शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' १९५९ साली आली. त्यात भूत धडपणे दिसतच नाही. रात्री दारावर धक्के बसतात. एका खोलीच्या दाराशी विलक्षण गारठा जाणवतो. पलीकडे काय आहे, ते लेखिका सांगत नाही. ती जागा वाचणारा स्वतःच्या भीतीनं भरतो.

म्हणून एकच पुस्तक एकाला मजेत झोपू देतं आणि दुसऱ्याला रात्रभर जागवतं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, मोठं आजारपण झालं असेल, किंवा मुळातच झोप उडाली असेल, तर असं पुस्तक सध्या बाजूला ठेवा. धीर कमी म्हणून नव्हे. तुमचंच दुःख त्या अंधारात जाऊन बसेल म्हणून.

बाकीच्यांनी खुशाल वाचावं. पण उजेडात, घरात माणसं असताना. थांबायचं तर ऐन भीतीच्या जागी थांबू नका. दोन पानं पुढे जा, प्रसंग निवळू द्या, मग पुस्तक मिटा. लगेच दिवा मालवू नका. थोडं इकडचं तिकडचं बोला.

तरी भीती उतरली नाही, तर गोष्ट कुणाला तरी सांगा. अगदी पहिल्यापासून सांगा. सांगताना मोघम भीतीला शब्द मिळतात आणि ती आटोक्यात येते. ऐकणाऱ्यानं मात्र हसायचं नाही. दाराआड लपून "भॉक" तर मुळीच करायचं नाही.

मुलं वयात येत असतील, तर पुस्तक आधी तुम्ही वाचा. मग त्यांच्याशी बोलायला विषय मिळतो. लहानांना मात्र 'अलबत्या गलबत्या' हे बालनाट्य दाखवा. गूढकथांनी भल्याभल्यांना घाबरवणाऱ्या रत्नाकर मतकरींनीच ते लिहिलं. त्यातल्या चेटकिणीला मुलं घाबरतात आणि खदखदून हसतातही. लहान वयाला एवढी भीती पुरे.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. पुस्तक संपून बरेच दिवस झाले, तरी झोप येत नाही, एकटं राहवत नाही, किंवा नसलेले आवाज खरोखर ऐकू येतात, तर डॉक्टरांकडे जा. मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. बाधा झाली म्हणून मांत्रिकाकडे नेऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, बांधून ठेवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

आणि पहिल्यांदाच वाचणार असाल, तर जाडजूड कादंबरी घेऊ नका. मतकरींची एखादी गूढकथा घ्या. एका बैठकीत संपते. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर वाचा.