गाणं एक, गाणारीचा संसार एक

मैत्रिणींनो, लता-आशाची गाणी ऐकत आपण सगळ्याच मोठ्या झालो. आमच्या घरी त्यांच्या जोडीला आणखी एक सूर होता, अमेरिकेतल्या ‘कंट्री’ गाण्यांचा. बाबा जहाजावर नोकरीला. सुट्टीवर रत्नागिरीला आले की त्यांच्या बॅगेतून साबण, चॉकलेटं आणि कॅसेटी निघायच्या. आईला इंग्रजी बेताचंच, पण भाजी निवडताना ती हटकून म्हणायची, “ती रडकी लाव गं.” रडकी म्हणजे टॅमी वायनेट!

तुम्ही म्हणाल, ही कंट्री गाणी म्हणजे काय? अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या शेतकऱ्यांची, खाणकामगारांची, कष्टकऱ्यांची ही गाणी. गिटार, फिडल, बँजो अशी वाद्यं, सोपी चाल आणि सांगायला एखादी गोष्ट. नॅशव्हिल शहरातून ‘ग्रँड ओल ऑप्री’ नावाचा यांचा रेडिओ-कार्यक्रम १९२५ सालापासून आजतागायत चालू आहे. खरं सांगू? यातली पुरुषांची बरीचशी गाणी मला कंटाळवाणी वाटतात. दारूचा पेला, आगगाडी आणि सोडून गेलेली बाई, यापलीकडे गाडी जात नाही. जिम रीव्हजचा मऊ आवाज तेवढा वगळते. बायकांच्या गाण्यांत मात्र घर आहे, पोरं आहेत, पैशांची ओढाताण आहे.

लोरेटा लिनचंच बघा. केंटकीतल्या कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या मजुराची ही मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न आणि विशीत चार मुलं पदरात. नवऱ्यानं एक स्वस्तातली गिटार आणून दिली आणि ही घरकाम उरकून गाणी रचायला लागली. १९७५ साली तिनं चक्क कुटुंबनियोजनाच्या गोळीवर गाणं म्हटलं. कितीतरी रेडिओ स्टेशनांनी ते लावायला नकार दिला. मला ते गाणं फार धीट वाटतं. आपण बायका जे शेजारणीच्या कानात सांगतो, ते तिनं माइकसमोर सांगितलं, एवढाच काय तो फरक. २०२२ साली नव्वदाव्या वर्षी ती गेली.

डॉली पार्टन ही टेनेसीच्या डोंगरातली, बारा भावंडांतली. आईनं चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावर तिचं १९७१ सालचं गाणं आहे. कोट घालून पोर मोठ्या तोऱ्यात शाळेत जाते आणि मुलं फिदीफिदी हसतात. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी अंगावर घेऊन जी झोपली आहे, तिला या गाण्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. माझ्या मते डॉलीचं हेच गाणं सर्वांत सरस.

पण डॉली नुसती भावुक नाही हं! तिचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हे गाणं एल्व्हिस प्रेस्लीला गायचं होतं. केवढा मोठा गायक! त्याच्या मॅनेजरनं अट घातली की गाण्याचे अर्धे हक्क आम्हाला द्या. डॉलीनं नाही म्हटलं. त्या रात्री ती खूप रडली म्हणे, पण सही केली नाही. पुढे १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं सिनेमात गायलं, ते जगभर गाजलं आणि हक्काचे पैसे डॉलीकडे आले. रडू आलं तरी सही करू नये, हा धडा आपल्यालाही घेण्यासारखा आहे.

आता टॅमी. १९६८ साली तिची दोन गाणी गाजली. एकात घटस्फोट होऊ घातलेली आई लहानग्यासमोर नको ते शब्द स्पेलिंग करून बोलते. आपणही मुलांसमोर असंच अर्धं इंग्रजीत बोलतो, नाही का? दुसरं ‘स्टँड बाय युअर मॅन’. नवरा कसाही वागला तरी त्याच्या पाठीशी उभी राहा, असा त्याचा सूर. आपल्याकडच्या ‘चालायचंच, पुरुषच तो’ची अमेरिकन बहीण! चाल सुरेख, आवाज काळजाला हात घालणारा, पण त्यातला सल्ला मला अजिबात पटत नाही.

खुद्द टॅमीलाही तो झेपला नाही. तिची पाच लग्नं झाली. गायिका होण्याआधी ती ब्यूटिशियनचं काम करायची. पुढे एवढं नाव झालं, पैसा आला, तरी त्या कामाचं लायसन ती दरवर्षी न चुकता रिन्यू करायची. उद्या गाणं थांबलं तर पोरींचं पोट भरायला हातात काही असावं म्हणून!

हे वाचलं तेव्हा मला आईचं शिलाई मशीन आठवलं. लग्नाआधी ती शिवणकाम करून चार पैसे मिळवायची. मग मशीन मिटलं, त्यावर क्रोशाचं आच्छादन पडलं आणि वर टेपरेकॉर्डर आला. टॅमी त्याच्यावरच वाजायची.

मी आठवड्यातून चार दिवस शाळेत शिकवते. रिक्षाचे आणि पाळणाघराचे पैसे वजा जाता हातात फार उरत नाही. “एवढी दगदग कशाला?” हा प्रश्न घरात अधूनमधून निघतो, आणि तोही मायेनंच. मी हसते आणि दुसऱ्या दिवशीच्या वह्या तपासायला घेते. आमचं भांडण नाही, सगळं छान आहे. पण टॅमीनं लायसन रिन्यू केलं ते काही रोज भांडण होतं म्हणून नव्हे.

तेव्हा या आठवड्यात एवढं कराच. कपाटातली आपली सर्टिफिकिटं काढून प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये लावा. नोंदणी, लायसन, मुदतीचं जे काही असेल त्याची तारीख कॅलेंडरवर मांडा. आपल्या एकटीच्या नावाचं बँकेचं खातं बंद पडलेलं असेल तर चालू करून घ्या. आणि हे सगळं करताना टॅमीचं गाणं खुशाल लावा. गाणं तिचं ऐकायचं आणि सवय तिची उचलायची!