तारांच्या उंचीवरचं आकाश

धुळे-सोलापूर महामार्गावरचं, वाशी तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं. आसपास सोयाबीनची रानं, रानांतून गेलेल्या विजेच्या तारा आणि बालाघाटाच्या माळांवर पवनचक्क्या. वैमानिकाच्या नकाशाला नियमाने यातली फक्त पवनचक्की दखल घेण्याजोगी वाटते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या दहा लाखांस एक प्रमाणाच्या नकाशात जमिनीपासून साधारण १०० मीटर किंवा त्याहून उंच वस्तूच अडथळा मानली जाते. कागदावरच्या एका सेंटीमीटरात दहा किलोमीटर मावतात, तिथे खांब न् खांब कसा दाखवणार? उंचावरून जाणाऱ्या विमानाचं त्यावाचून अडतही नाही.

अडतं ते खाली. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही क्षणांतच विजेच्या तारांत अडकून कोसळलं. सगळे बचावले. पण राज्याच्या मुख्यमंत्र्यांवर जी वेळ येते, ती रात्री-अपरात्री रुग्णाला न्यायला उतरणाऱ्या हेलिकॉप्टरवर येणार नाही कशावरून? उपग्रहचित्रावर विसंबावं, तर त्यात खांबाची सावली सापडते, तार बहुधा नाहीच.

आता त्याच कमी उंचीच्या पट्ट्यात ड्रोन आले आहेत. महिला बचत गटांना फवारणीचे १५ हजार ड्रोन देण्याची योजना केंद्राने २०२३ मध्ये मंजूर केली. २०२१ पासून ड्रोनसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर हवाई हद्दीचा हिरवा, पिवळा, लाल नकाशा आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडायला परवानगी लागत नाही. पण तो हिरवा रंग परवानगीचा आहे. खाली तार नाही, असं तो सांगत नाही. फटाक्यांच्या गावात तर दारूच्या कोठारापासून किती लांब राहायचं, हेही ड्रोन चालवणाऱ्याला आधी कळायला हवं.

अशा तारांची नोंद ठेवण्याचं काम दिल्लीत बसून होणारं नाही. अमेरिकेत एलरे जेपसेन हा टपाल विमानांचा वैमानिक १९३० च्या दशकात टेकड्या आणि पाण्याच्या टाक्या चढून त्यांची उंची खिशातल्या वहीत टिपायचा. हवामान विचारायला वाटेवरच्या शेतकऱ्यांचे फोन नंबरही त्याने जमवले होते. १९३४ मध्ये त्याने या नोंदींचे नकाशे विकायला काढले आणि पुढे त्याचं नाव जगभरच्या वैमानिकांच्या तोंडी झालं.

आपल्याकडे ती वही गावोगावच्या वायरमनच्या डोक्यात आहे. कुठली लाईन कुठल्या बांधावरून गेली, कुठे तार लोंबते, हे त्याला तोंडपाठ असतं. जिल्हाधिकाऱ्यांनी महावितरण, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि ग्रामपंचायतींकडून ही माहिती गोळा करून हवाई नकाशाला जोडावी. तात्पुरत्या हेलिपॅडची परवानगीही त्याशिवाय देऊ नये. तेरखेड्याच्या शिवारात आज नवी लाईन ओढली, तर उद्या सकाळी फवारणीला निघालेल्या ताईंच्या पडद्यावर ती दिसली पाहिजे.