हसण्याचे मार्क

परवा अमरावतीहून अकोल्याला बहिणीकडे गेलो, तर दहावीतला भाचा डोळे मिटून गाईड घोकत बसलेला. ‘प्रस्तुत विनोदी कवितेतून कवीने जीवनातील विसंगती...’ मी विचारलं, “अरे, कविता वाचून हसलास तरी का?” तर म्हणतो, “मामाजी, हसाचे मार्क नाही भेटत ना!”

घ्या! विंदा करंदीकरांनी १९६३ साली ‘एटू लोकांचा देश’ वसवला, तो काय मध्यवर्ती कल्पना काढण्यासाठी? आपल्या वऱ्हाडात भाद्रपदी पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणायच्या. त्यांतल्या कित्येक ओळींना ना शेंडा ना बुडखा. पण आमच्या आईला त्या सत्तरीतही पाठ होत्या. कारण तिला त्यांचं रसग्रहण कुणी विचारलं नव्हतं! भाचा मात्र पेपर संपला की ही कविता विसरणार, आणि वर ‘कविता म्हणजे कटकट’ एवढं जन्मभर लक्षात ठेवणार.

परीक्षा घ्यायचीच ना? मग पोट्ट्यांनाच असली एक बिनअर्थाची कविता रचायला सांगा. तपासताना गुरुजी हसले, तर पैकीच्या पैकी. आणि नाहीच हसले, तर बाप्पा, गुरुजींना नापास करा!