अर्धी मॅरेथॉन आणि अर्धी शक्ति

बदलापुराहून एका भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे. पत्र लांब आहे. त्यांतील मुख्य मजकूर तेवढा येथें देतों. त्यांच्या धाकट्या सूनबाई चौतीस वर्षांच्या असून मुंबईंत नोकरीस आहेत. गेलें वर्षभर त्या सकाळीं चार-पांच किलोमीटर धांवतात, व तेवढ्यानें घरांत कोणाचें कांहीं बिघडलें नव्हतें. परंतु आतां त्यांनीं येत्या जानेवारींत 'अर्धी मॅरेथॉन', म्हणजे एकवीस किलोमीटरांची शर्यत, धांवण्याचें ठरविलें आहे, आणि तेव्हांपासून घरांत दोन पक्ष पडले आहेत. "तिच्या हौसेच्या आड मला यावयाचें नाहीं; पण तिच्या शरीराला हें झेपेल काय, आणि आम्हीं वडील माणसांनीं नेमकें करावें तरी काय, हें कोणी सांगत नाहीं," असें भगिनी लिहितात. अशीं घरें आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यांत आज थोडीं नाहींत. म्हणून उत्तर खासगी न धाडतां ह्या सदरांतूनच देतों.

प्रथम अंतराविषयीं. एकवीस किलोमीटर म्हटलें कीं ऐकणाराच्या पोटांत गोळा येतो, यास्तव तें डोळ्यांसमोर आणावें. उल्हासनगर स्थानकापासून बदलापूर स्थानक लोहमार्गानें सुमारें दहा किलोमीटर, तितकेंच परत, वर आणखी एक किलोमीटरभर. नेमका आंकडा २१.०९७५ किलोमीटर, जुन्या मापानें तेरा मैल व सुमारें १९२ यार्ड. हा चमत्कारिक अपूर्णांक राजवाड्यांतून आलेला आहे. १९०८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉन शर्यत विंडसर किल्ल्यापासून निघून क्रीडांगणांतील राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. तें अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरलें, आणि १९२१ मध्यें तेंच प्रमाण म्हणून कायम झालें. त्याचें अर्धें करून आज आपल्या मुलीसुना घामाघूम होतात.

शरीराला झेपेल काय, ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न आहे. तो भगिनींनीं संकोचानें अर्धवट लिहिला आहे. दोन बाळंतपणें झालेल्या बाईला इतकें धांवणें बाधेल कीं काय? ही शंका केवळ आपल्या माजघरांतली नव्हे. १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्यें स्त्रिया ८०० मीटर धांवल्या, तेव्हां त्यांची दमछाक पाहून युरोपांतील शहाण्या पुरुषांनीं ती शर्यतच काढून टाकली. ती १९६० पर्यंत परत आली नाहीं. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्यें यावयास तर १९८४ साल उजाडलें. पुढें काय झालें तें सर्वांसमोर आहे. सातारा जिल्ह्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांत पहिल्या आल्या, आणि २०१६ सालीं रिओ येथें अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवल्या. निरोगी स्त्रीच्या गर्भाशयास धांवण्यानें इजा होते, ह्या समजुतीस आधार नाहीं. बाळंतपणानंतर ओटीपोटाचे स्नायु ढिले राहिले असून मूत्र आवरत नसेल, तर तें मात्र डॉक्टरीणबाईंस संकोच न करितां सांगावें. त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत. त्याच भेटींत हिमोग्लोबिनहि तपासून घ्यावें. आपल्याकडील पुष्कळ स्त्रियांत तें उणें असतें, आणि पायांस दोष लावला जातो तो वस्तुतः रक्ताचा असतो. छातींत दुखणें, घेरी येणें असें कांहीं असल्यास धांवणें तेथेंच थांबवून आधीं हृदयाची परीक्षा करावी.

आतां आमच्या शास्त्राचें. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत व्यायामाची मात्रा सांगितली आहे, ती 'अर्धशक्ति'. बलवान् व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानें, तेंहि शीतकाळीं आणि वसंतांत, आपल्या शक्तीच्या अर्ध्यानें व्यायाम करावा. इतर ऋतूंत त्याहूनहि कमी. अर्धी शक्ति खर्च झाली हें ओळखावें कसें, तर सुश्रुताच्या मतें हृदयांतला वायु मुखाकडे येऊं लागला, म्हणजे तोंडानें श्वास घ्यावा लागला, कीं ती मर्यादा समजावी. वाग्भट पुढें असेंहि बजावतो कीं व्यायाम, जागरण, प्रवास वगैरे गोष्टींचा जो अतिरेक करील, तो हत्ती ओढूं पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावेल.

ही यादी भगिनींनीं पुन्हां एकवार वाचावी. व्यायाम, जागरण, प्रवास! बदलापूरच्या नोकरदार सुनेचा दिवस ह्या तिन्हींनीं भरलेला असतो. बदलापुरापासून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस रेल्वेच्या हिशेबानें सुमारें ६८ किलोमीटर; जातां-येतां १३६. म्हणजे सहांहून अधिक अर्ध्या मॅरेथॉनी ती रोज डब्यांत, बहुधा उभ्यानें, करीतच असते. पहांटे साडेचारला उठून धांवावयाचें, साडेपांचपावेतों परत, मग डबे, मुलांच्या शाळा, गाडी. रात्रीं आठला घरीं, साडेदहापर्यंत ओटा, अकराला पाठ टेकणार. झोप मिळाली साडेपांच तास. अशा शरीरावर आठवड्यास तीस-पस्तीस किलोमीटर धांवणें लादलें तर तें आजारी पडेल, आणि मग घरांतील एक पक्ष म्हणेल, "आम्ही सांगितलें नव्हतें?" परंतु तो दोष धांवण्याचा म्हणतां येणार नाहीं, स्नायूंची झीज भरून निघते ती झोपेंतच, आणि झोप तर कोणी तिला दिलेलीच नाहीं.

म्हणून "आम्हीं काय करावें" ह्याचें आमचें उत्तर एका वाक्यांत सांपडतें: तिला रात्रीं दहाला झोपूं द्यावें. धांवण्याच्या आदल्या रात्रीं ओटा तिच्याकडे नसावा, आणि धांवण्याच्या सकाळीं डबे तिच्याकडे नसावेत. आठवड्यांत अशा सकाळी चार. एकत्र कुटुंबाचा कांहीं उपयोग असेल तर तो असल्याच वेळीं व्हावयाचा. घरांत थोरल्या सूनबाई आहेत, स्वतः सासूबाई आहेत, आणि पत्रांत ज्यांचा उल्लेखच नाहीं असे दोन मोठे मुलगे व त्यांचे तीर्थरूप आहेत. पोळ्या लाटण्यास पुरुषांचे हात असमर्थ आहेत असें कोणत्याहि स्मृतींत सांगितलेलें आम्हीं वाचलेलें नाहीं. नुसतें "जा हो, धाव" म्हणून परवानगी देणें आणि कामें जशींच्या तशीं तिच्यासाठीं ठेवून देणें, ह्यास आम्ही मोकळेपणा म्हणत नाहीं.

तयारीचा क्रम सांगतों. चार-पांच किलोमीटर सुखानें धांवणाऱ्यास सोळा आठवडे पुरे होतात. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून, महासाथीचीं दोन वर्षें सोडून, जानेवारींत होत आलेली आहे. म्हणजे आरंभ भाद्रपद-आश्विनाच्या संधीस. आठवड्यांत तीन दिवस थोडें धांवावें आणि रविवारीं लांब. रविवारचें अंतर सहा किलोमीटरांपासून दर आठवड्यास एक-दीडनें वाढवावें, व दर चवथ्या आठवड्यास मुद्दाम घटवावें. हें घटविणें नवशिक्यांस आळस वाटतें, पण त्याचें कारण आहे. हृदय व फुप्फुसें कांहीं आठवड्यांत सरावतात. हाडें आणि स्नायुबंध ह्यांस महिने लागतात. दम पुरतो म्हणून माणूस धांवत सुटतो, आणि नडगी किंवा गुडघा धरून बसतो. शर्यतीपूर्वीं पूर्ण एकवीस किलोमीटर धांवून पाहण्याची आवश्यकता नाहीं. तीन आठवडे आधीं सोळा ते अठरा झाले म्हणजे पुष्कळ. त्यानंतर कमी करीत जावें.

आणि हें सर्व सावकाश. किती सावकाश, ह्यासाठीं मनगटावरचीं घड्याळें मिळतात; आम्ही त्याहून स्वस्त मोजमाप सांगतों. अनुष्टुभ् छंदांत आठ-आठ अक्षरांचे चार चरण असतात. धांवतांना पाठ असलेला कोणताहि श्लोक मोठ्यानें म्हणावा. दोन चरण एका श्वासांत निघाले आणि मध्यें एकदां श्वास घेऊन पुढचे दोन निघाले, तर गति योग्य. एका चरणांतच अडखळलें तर अर्धशक्ति मागें पडली असें समजून पाय आवरावा. हल्लींचे व्यायामशिक्षकहि बोलतां येईल इतक्याच वेगानें धांवा असें सांगतात. आम्हीं त्यांच्या सूत्रास केवळ वृत्त लावलें.

ह्या मंदपणाची लाज वाटूं नये म्हणून एक जुनी हकीकत सांगतों. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा ह्यांनीं १९१९ सालीं तेथील सामन्यांत अनवाणी धांवणारे शेतकरी पाहिले, आणि हे गडी परदेशीं न्यावे असें त्यांच्या मनांत आलें. दुसऱ्याच वर्षीं, १९२० मध्यें, बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा लहानसा संघ गेला. त्यांत मॅरेथॉनसाठीं दोन मराठी मुलुखांतले गडी होते: बेळगांवचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. त्या वर्षींची वाट ४२.७५ किलोमीटर होती, ऑलिंपिकांतील सर्वांत लांब. चौगुले २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. भागाकार केला तर दर किलोमीटरास चार मिनिटें पडतात. दातारांस शर्यत पुरी करतां आली नाहीं. तरी आज त्या दोघांचींहि नांवें आम्ही आदरानें घेतों. बदलापूरच्या सूनबाईंनीं किलोमीटरास साडेसात मिनिटें घेतलीं तर त्यांस सुमारें दोन तास अडतीस मिनिटें लागतील. बहुतेक शर्यतींत तीन तासांची किंवा अधिक मुदत असते. मध्यें मध्यें मिनिटभर चालण्यास कोणी बंदी करीत नाहीं. चौगुल्यांशीं स्पर्धा नाहीं, शेजारणीशींहि नाहीं.

उपवासाचा मुद्दा भगिनींनीं काढला, तें बरें झालें. नवरात्र नेमकें ह्या तयारीच्या आरंभीं येतें. आमचें मत स्पष्ट आहे: उपवास आणि लांब धांव एका दिवशीं नकोत. रिकाम्या पोटीं दोन तास धांवल्यास यकृतांतली व स्नायूंतली साठवलेली साखर सरते आणि माणूस वाटेंत बसतो. नऊ दिवसांचे उपवास धरावयाचेच असतील तर त्या आठवड्यांत तास-अर्धा तास चालावें, आणि पुढच्या रविवारीं धांवावें. दुसरीहि एक तोड आहे. धर्मसिंधु-निर्णयसिंधूंत व्रतासाठीं प्रतिनिधि सांगितलेले आहेत. पत्नीकरितां पतीनें उपवास केलेला चालतो. चिरंजीवांस हें अवश्य दाखवावें.

खाण्यापिण्याचें बाकीचें सोपें आहे. आदल्या रात्रीं वरणभात; निघण्यापूर्वीं केळें किंवा ज्याची संवय असेल तें. शर्यतीच्या दिवशीं नवा पदार्थ नको, नवे बूट तर मुळींच नकोत. पाणी तहानेप्रमाणें प्यावें. घाबरून लिटरच्या लिटर साधें पाणी प्याल्यास रक्तांतील सोडियम उतरतें, व तें प्रसंगीं तहानेहूनहि घातक ठरतें. मीठ-साखर घातलेलें लिंबाचें सरबत जवळ असूं द्यावें.

रस्त्याचें मात्र खरें भय आहे, आणि त्याबद्दल भगिनींनीं चकार शब्द लिहिलेला नाहीं! कल्याण-बदलापूर रस्त्यावर पहांटे अंधारांत मालमोटारी जातात. तो रस्ता धांवण्यासाठीं सर्वथा वर्ज्य करावा. बारवी धरणाकडील रस्ता रम्य, पण चढउताराचा व निर्जन. तेथें उजाडल्यावर आणि सोबत असेल तरच जावें. एरवीं वसाहतींतील गल्ल्यांचे फेरे बरे. उल्हासनगरकरांस गोल मैदान आहे. आमच्या अंबरनाथकरांनीं शके ९८२ च्या शिलालेखाचें तें शिवमंदिर आपलें वळण धरावें. रोज दर्शन तरी होईल. कुत्र्यांसमोर धांवूं नये, थांबून चालूं लागावें. अंगांत उजळ रंगाचे कपडे असावेत. कपड्यांच्या लांबीविषयीं घरांत जो वाद चालू आहे त्यांत आम्ही पडत नाहीं. मोटार हांकणाऱ्यास ती दिसली पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें.

सासूबाईंनीं शर्यत पाहावयास जावें काय? अवश्य जावें. पण अंतिम रेषेपाशीं उभें राहूं नये. तेथें गर्दींत कोणी कोणास दिसत नाहीं. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत एखाद्या कोपऱ्यावर उभें राहावें. माणूस खचतो तो तेथें. शर्यत मुंबईंत असेल तर अर्ध्या मॅरेथॉनचा आरंभ सूर्योदयापूर्वीं असतो. बदलापुराहून त्या वेळेस पोंचण्याची धडपड करूं नये, आदल्या सायंकाळींच कोणा नातलगांकडे मुक्कामास जावें. परतल्यावर तिला जिना चढणें जमेल, उतरणें जमणार नाहीं; मांड्या दोन-तीन दिवस दुखतील, त्यास घाबरूं नये. सोमवारची रजा मात्र तिनें आधींच मागून ठेवावी. दुखऱ्या मांड्यांनीं बदलापूरच्या गाडींत दीड तास उभें राहणें आम्हांस तरी एकवीस किलोमीटरांहून कठीण वाटतें.