ऊनोदरी साऱ्या घराने पाळावी

मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबू लागते. चेहऱ्यावर मुरुमे येतात, हनुवटीवर राठ केस दिसतात, वजन वाढते. मग माधवनगरहून सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत फेऱ्या होतात, सोनोग्राफी होते आणि अहवालावर ‘पीसीओडी’ किंवा ‘पीसीओएस’ अशी अक्षरे उमटतात. त्या दिवसापासून बहुतेक घरांत दोन गोष्टी घडतात. ही बातमी बाहेर जाऊ नये याची काळजी घेतली जाते आणि मुलीचे ताट घराच्या ताटापासून वेगळे केले जाते. दोन्हींमागे मायाच असते. तथापि या आजारात दोन्ही उपाय मुलीला एकटे पाडतात.

हा आजार नवा नाही. शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या अभ्यासावरून त्याचे वर्णन केले. नावामुळे अंडाशयात गाठी झाल्या असा समज होतो. वस्तुतः त्या गाठी नसून पूर्ण वाढ न झालेले, अंड्यांचे लहान कोश असतात. निदानासाठी पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारे असे अनेक कोश, या तिन्हींपैकी दोन लक्षणे असावी लागतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षे झालेली नसतील, तर सोनोग्राफीवर विसंबू नये, पहिली दोन्ही लक्षणे असली तरच निदान करावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीचा केवळ सोनोग्राफीचा कागद पाहून घराने धास्ती घेण्याचे कारण नाही.

लपवण्याजोगेही यात काही नाही. मुंबईतील परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने किशोरी व तरुणींची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरील निकषाने २२.५ टक्के मुलींमध्ये आणि अधिक कडक निकषाने १०.७ टक्के मुलींमध्ये हा विकार आढळला. म्हणजे कडक हिशेब धरला तरी दहा मुलींमागे एक. अशा मुलींना मूल होत नाही हा समजही खरा नाही. वेळेवर उपचार घेणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया माता होतात.

या विकाराच्या मुळाशी अनेकींमध्ये इन्सुलिनची गोष्ट असते. अन्नातील साखर पेशींत पोहोचवणाऱ्या या संप्रेरकाला शरीर नीट दाद देत नाही, म्हणून शरीर ते अधिक प्रमाणात तयार करते. वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवण्यास उद्युक्त करते आणि पाळीचे चक्र बिघडते. मुलगी सडपातळ असली तरी हे घडू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसूनही आत चरबी साठवते. म्हणून केवळ जाड मुलीनेच आहार सांभाळावा, ही समजूत सोडावी लागते.

आता प्रश्न ताटाचा. कोणताही एक विशिष्ट आहार इतर सर्वांहून श्रेष्ठ ठरलेला नाही, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. पचेल, परवडेल आणि वर्षानुवर्षे पाळता येईल असा समतोल आहार तिला अपेक्षित आहे. वजन अधिक असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी घटल्यासही पाळी सुधारण्याची शक्यता वाढते. सत्तर किलोच्या मुलीसाठी हा आकडा साडेतीन ते सात किलोंचा होतो. यासाठी जैन घराला परक्या पद्धती उसन्या आणण्याचे कारण नाही.

बाह्य तपाच्या सहा प्रकारांतील पहिले चार आहाराशी निगडित आहेत: अनशन, ऊनोदरी, वृत्तिसंक्षेप आणि रसपरित्याग. दिगंबर परंपरेत ऊनोदरीला अवमौदर्य आणि वृत्तिसंक्षेपाला वृत्तिपरिसंख्यान म्हणतात. तपाचे प्रयोजन कर्मनिर्जरा आहे, वजन घटवणे नव्हे, हे भान सुटू नये. परंतु ज्या घराला या चारही शब्दांचा संस्कार आहे, त्या घराला डॉक्टरांचा सल्ला परका वाटू नये. अडचण अशी की समाजात गौरव अनशनाचा होतो. अठाईची मिरवणूक निघते. रोज दोन घास कमी जेवणाऱ्याचा सत्कार कोणी करत नाही. या आजाराला मात्र नेमकी उरलेली तीन तपे उपयोगी पडतात.

ऊनोदरी म्हणजे भुकेहून थोडे कमी घेणे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास मानून त्याहून कमी घेण्याची शास्त्रात गणना आहे. व्यवहारात त्याचा अर्थ तिसरा फुलका न घेणे, भात वाटीने मोजणे आणि आग्रह करून वाढण्याची रीत आवरणे असा होतो. कमी करायचा तो फुलका आणि भात. डाळ आणि भाजी नव्हे.

वृत्तिसंक्षेप म्हणजे घ्यावयाच्या पदार्थांना मर्यादा. चौदा नियम धारण करणाऱ्या श्रावकाला द्रव्यांची मोजणी ठाऊक आहे. कंदमुळे वर्ज्य असल्याने बटाटा ताटात येत नाही, ही जमेची बाजू. पण त्याची जागा शेव, गाठिया, कच्च्या केळ्यांचे वेफर आणि मैद्याच्या खारीने भरून निघते. दुकानात बसल्या-बसल्या ही द्रव्ये कोणी मोजत नाही. ताटातील द्रव्ये मोजकी ठेवताना एक डाळ किंवा कडधान्य, एक फळभाजी, ज्वारीची भाकरी आणि ताक एवढे असले तरी जेवण पुरे होते. ज्या घरी मोड आलेली कडधान्ये चालत नाहीत, तेथे अख्खे मूग, मटकी, हरभरा, हुलगा शिजवून घ्यावेत. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, तेव्हा तंतू आणि प्रथिने दोन्ही याच कडधान्यांतून मिळतात. कच्च्या दह्यासोबत द्विदल न घेण्याचा नियम पाळणाऱ्यांनी दही-ताक वेगळ्या वेळी घ्यावे.

रसपरित्यागात निवड महत्त्वाची आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले या सहा विगयांपैकी शेवटच्या दोन सोडाव्यात, दूध-दही सोडू नये. शाकाहारी घरात ती प्रथिनांची मोठी बाजू आहे. साखरेचा हिशेब मांडून पाहावा. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर पन्नास ग्रॅम साखर होते, महिन्याला दीड किलो. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसाधारण प्रौढासाठी घातलेली दिवसाची कमाल मर्यादा साधारण एवढीच आहे, आणि पंचवीस ग्रॅमच्या आत राहणे अधिक इष्ट मानले आहे. म्हणजे मिठाईला हात लावण्याआधीच खाते रिकामे झालेले असते. साखरेऐवजी गूळ घेतल्याने हा हिशेब बदलत नाही. पौष्टिक म्हणून मुठीने दिला जाणारा आपल्या जिल्ह्याचा बेदाणाही शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या आसपास साखर देतो. तो चार-सहा दाण्यांपुरताच बरा.

चौविहाराचाही येथे लाभ होतो. दिवसाच्या पूर्वार्धात शरीर साखर अधिक चांगली हाताळते. इस्रायलमध्ये पीसीओएस असलेल्या ६० सडपातळ स्त्रियांवर ९० दिवसांचा एक अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण आहार तेवढाच ठेवून ज्यांनी सकाळी भरपेट आणि रात्री अल्प खाल्ले, त्यांचे इन्सुलिन आणि पुरुषी संप्रेरक दोन्ही लक्षणीय उतरले. अभ्यास लहान आहे, पण दिशा बोलकी आहे. म्हणून नवकारसीनंतर केवळ चहा-खाखऱ्यावर भागवून सूर्यास्तापूर्वी घाईने पोटभर जेवणे, हा क्रम उलटवावा. सकाळी मुगाचे पोळे, दुपारी पूर्ण जेवण आणि सायंकाळी हलके काही, असा क्रम असावा.

अनशनाबाबत सावधगिरी हवी. दीर्घ उपवासाने आणि कुपोषणानेही पाळी थांबते. गोळ्या चालू असलेल्या मुलीने अठाई किंवा वर्षीतपाचा संकल्प डॉक्टरांना विचारूनच करावा. आयंबिलच्या ताटातही केवळ भात-रोटी नसावी, डाळ असावी. आणि पारण्याला मिठाईचा मारा टाळावा.

आहार औषधाची जागा घेत नाही. नव्वद दिवसांहून अधिक काळ पाळी न आल्यास गर्भाशयाच्या अस्तराला अपाय संभवतो, म्हणून डॉक्टरांकडे जावे. रक्तातील साखरेची तपासणी करून घ्यावी. मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व घटते. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असते, म्हणून त्याचीही तपासणी मागून घ्यावी. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे झपझप चालणे आहाराइतकेच आवश्यक आहे.

हे सारे एकट्या मुलीवर सोपवले की महिन्याभरात मोडते. भाऊ फरसाण खात असताना तिने काकडी चघळावी, ही अपेक्षा न्याय्य नाही. मधुमेह आणि रक्तदाब व्यापारी घरांत नवे नाहीत. जे ताट तिला हितकर, तेच वडिलांना आणि आजीलाही हितकर आहे. स्वयंपाकघराची यादी बदलली की मुलीला पथ्य वेगळे पाळावे लागत नाही.

आणि सोयरीक ठरताना गोष्ट दडवू नये. दडवलेल्या आजाराची मुलगी सासरी गोळ्या उघडपणे घेऊ शकत नाही, पुढची तपासणी मागू शकत नाही, नव्या सुनेला केलेला आग्रह नाकारू शकत नाही. दोन-तीन वर्षांच्या कष्टाने रुळावर आलेली पाळी मग पुन्हा बिघडते आणि दोषही तिच्यावरच येतो. बोलणी चालू असतानाच आईने विहीणबाईंना सरळ सांगावे की मुलीला अमुक त्रास आहे, उपचार चालू आहेत आणि ती अशा प्रकारे जेवते. जे घर हे ऐकून घेईल, त्या घरात तिचे ताट वेगळे पडणार नाही.