जागणारे मूल आणि झोपलेली यंत्रणा

"पोरगं रातचं दोन वाजता उठतंय आन् पहाटंपतूर दाराची कडी वाजवत बसतंय. देवऋषी म्हणतोय बाहेरचं हाय, सासू म्हणतीय आईचंच ध्यान नाही." वाळवा तालुक्यातील एका भगिनीने आमच्यापुढे मांडलेली ही कैफियत. ती आली होती दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करायला. मुलाच्या स्वमग्नतेचे निदान झाले सहाव्या वर्षी. रात्री मात्र तो तान्हा असल्यापासून जागत होता. त्याबद्दल तिला कोणीही, कधीही विचारले नाही.

स्वमग्न मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना झोपेचा त्रास असतो, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. २०२० साली अमेरिकेत चारशेहून अधिक बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना पुढे स्वमग्नतेचे निदान झाले, त्यांना सहा ते बारा महिन्यांच्या वयातच झोप लागायला अधिक त्रास होत होता. याचा अर्थ झोपमोडीने स्वमग्नता येते असा नव्हे; तसे सिद्ध झालेले नाही. जागणारे प्रत्येक बाळ स्वमग्न असते असेही नव्हे. परंतु हाक मारली तरी वळून न पाहणे, हवे ते बोटाने न दाखवणे, आलेले शब्द हरवणे, यांच्या जोडीला झोपेचे हाल असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घातलेच पाहिजे. रात्र वाईट गेली की अशा मुलाचा दिवसही वाईट जातो. यात आईचा दोष कुठे आला? सातारा हा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जिल्हा. तिथे आणि शेजारच्या सांगलीत आजही अंगारा आधी आणि दवाखाना नंतर, हे आम्ही पाहतो आहोत.

आता कृष्णाकाठच्या उसाच्या फडात या. बीडपासून जतपर्यंतच्या दुष्काळी भागांतून उचल घेतलेल्या जोड्या हंगामाचे पाच-सहा महिने इथे कोप्यांत राहतात. गाडी भरायला बोलावणे रात्री-अपरात्री येते, पहाटेच्या अंधारात आई कोयता घेऊन निघते, मूलही तिच्याबरोबर उठते. जिथे सगळ्यांचीच झोप मोडलेली, तिथे एका मुलाचे जागणे वेगळे आहे हे ओळखायचे कोणी? त्याची अंगणवाडीतली नोंद तर गावीच राहिलेली असते.

कायदा काय म्हणतो? १९९५ च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हतीच. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारांत तिचा समावेश केला. त्याच कायद्याचे कलम २५ सांगते की, धोक्यातील मुले ओळखण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करावी. सर्व मुले म्हणजे कोपीतलीही! प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापन पद्धतीत चाळीस मुद्दे व सहा विभाग आहेत. झोपेला त्यात स्वतंत्र विभाग नाही. म्हणजे आईने सांगितले नाही, तर रात्रीचा विषय निघेलच असे नाही.

हंगाम सुरू होताच आरोग्य पथकाने तळावर जाऊन मुलांची तपासणी करावी, नोंदीची प्रत पालकांच्या हाती द्यावी आणि "मूल रात्री झोपते का?" हा प्रश्न तीत घालावा, एवढीच आमची दोन्ही जिल्हा परिषदांकडे मागणी आहे. याला फार पैसा लागत नाही.

त्या भगिनीला आम्ही पंधरा रात्रींची झोपायची-उठायची वेळ वहीत लिहायला सांगितले. तिला लिहिता येत नव्हते. आठवीतल्या थोरल्या मुलीने लिहिले.